तपासणीचे वीस रुपये

सुनयनानं म्हाताऱ्याच्या पाठीवर स्टेथॉस्कोप टेकवला आणि त्याच क्षणी तिच्या चपलेला घासून पोलादी टेपची पट्टी सर्रकन पुढं गेली. ‘श्वास घ्या’ हे शब्द तोंडातच राहिले. सफारीतला एक माणूस टेबलाखाली उकिडवा बसून पट्टीचं टोक भिंतीला दाबत होता. “तुमचं चालू द्या, म्याडम,” तो वर न बघता म्हणाला. “चौदा बाय दहा. एकशे चाळीस. वर माळा नाय काय?” शेवटचा प्रश्न तिला नव्हता, दारात उभ्या असलेल्या नामदेवशेठला होता. नामदेवशेठ घरमालक. पूर्वी त्यांची करावे गावात भातशेती होती, आता ती जमीन गेल्यावर मिळालेल्या पैशातून बांधलेल्या तीन मजली घराच्या खोल्या होत्या, आणि रस्त्याकडच्या खोलीत चार वर्षांपासून सुनयनाचा दवाखाना. ते तिच्याकडं बघत नव्हते. बाकावरच्या पेशंटांकडं बघत होते, आपणही नंबर लावून आल्यासारखे. म्हाताऱ्यानं आपणहून दीर्घ श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. त्यातलं तिला काहीही ऐकू आलं नाही.

दुपारी पेशंट संपल्यावर शेठ आत आले आणि पेशंटच्याच स्टुलावर बसले. “राग मानू नका, म्याडम. मगाचा तो एस्टेटवाला तीन हजार द्यायला तयार हाय. तुमी दीड देता. आमाला तुमाला काडायचं नाय. पन जाग्याला भाव आलाय, पोरं घरात भांडतात. तुमी तीन दिलं, तर तुमीच ऱ्हावा. दसऱ्यापर्यंत सांगा.” ते वाईट बोलले नव्हते. ते गेल्यावर ती खुर्चीत बसून राहिली आणि खोलीकडं बघत राहिली. चार वर्षं ही खोली तिला अंगातल्या कपड्यासारखी होती. डोळे मिटून ती चिमट्याच्या ट्रेपर्यंत हात नेऊ शकली असती. आता भिंती सरळ दिसत होत्या. चौदा. दहा. या एकशे चाळीस चौरस फुटांत आपण नक्की काय करतो, आणि त्याचं नक्की काय मिळतं, हे कुणी तरी बाहेरच्यानं येऊन विचारल्यासारखं झालं होतं, आणि तिला ते सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं चार वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. दवाखान्याची सगळी बिलं जेवणाच्या टेबलावर पसरली. आजवर पैसे एका खणात पडत आणि त्याच खणातून जात. महिन्याच्या शेवटी जे उरे ते उरे. दिवसाला चाळीस पेशंट, माणशी दहा रुपये, दोन दिवसांच्या गोळ्यांसकट. म्हणजे दवाखाना चांगला चालतो, असं ती सगळ्यांना सांगायची, आणि गर्दी बघून लोकही मान डोलवायचे. पण गोळ्या-औषधांतच माणशी चार रुपये जात होते. मग भाडं, मदतनीस रखमाचा पगार, वीज, फोन, स्पिरिट-कापूस, लुनाचं पेट्रोल, टेबल आणि फ्रिजच्या कर्जाचा हप्ता. तिनं दोनदा बेरीज केली. तिचे यजमान उदयसिंह बँकेतून आले, चहाचा कप हातात घेऊन तिच्या खांद्यावरून बघू लागले, आणि सवयीनं त्यांनी शेवटचा भागाकार तोंडीच केला. “एक रुपया चौतीस पैसे,” ते म्हणाले. “एका पेशंटमागं तुला एवढं सुटतं. नवं भाडं धरलंस तर तेही नाही. उलट महिन्याला शंभर-सव्वाशे घरातून घालायचे. म्हणजे तू लोकांना तपासायचं, आणि तपासू दिल्याबद्दल आपणच पैसे भरायचे.” ते हसले, पण लागेल असं नाही. मग खुर्ची ओढून समोर बसले. “जासईच्या एका कंटेनर यार्डात डॉक्टर हवाय. आमच्या खातेदाराची कंपनी आहे. साडेचार हजार, बांधलेले. रविवारी सुट्टी. अर्ज दे. दसऱ्याला किल्ली शेठच्या हातात ठेवायची आणि मोकळं व्हायचं.”

मोकळं. तो शब्द ऐकल्यावर तिला जे वाटलं, त्याची तिलाच लाज वाटली. तिला बरं वाटलं होतं. संध्याकाळी सातची ती गर्दी, दीड तासात पंचवीस माणसं, खोकणारी, कण्हणारी, एकमेकांच्या पुढं घुसणारी, पलीकडून रखमाचं “चला, पुढचा!”; जीभ दाखवा, कधीपासून, संडास होतो का; आणि हात चिठ्ठीवर आपोआप धावत असायचा. समजावत बसायला वेळ नसला की ती सुई टोचून मोकळी व्हायची. ताकदीचं लाल इंजेक्शन. लोकांनाही तेच हवं असायचं. ती थकून घरी यायची आणि त्या थकव्यालाच सेवा समजायची. दहा रुपये हा तिचा भाव नव्हताच, तो आबांचा होता. तिचे वडील कोंडिबा साताऱ्याकडून आले आणि चाळीस वर्षं बाजारात हमाली करत राहिले. पाठीवरच्या गोण्यांवर त्यांनी मुलीला डॉक्टर केलं. दवाखान्याच्या उद्‌घाटनाला त्यांनी स्वतःच्या हातानं नारळ फोडला आणि म्हणाले, “पोरी, गरिबाच्या खिशाकडं बघू नगंस.” दुसऱ्या वर्षी ते गेले. आसपासचे डॉक्टर पंधरावर गेले, वीसवर गेले. सुनयना दहावर राहिली. भाव वाढवायचा म्हणजे आबांचा शब्द मोडायचा, असं तिनं कधी ठरवलं नव्हतं. पण फीचा विचार मनात आला की ती तो विषय सोडून द्यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी लुनावरून करावेकडं जाताना, वाळत घातलेल्या जवळ्याचा वास खाडीच्या वाऱ्याबरोबर तोंडावर आला आणि कशाचा कशाशी संबंध नसताना तिला एक जुनी सकाळ आठवली. ती बारा वर्षांची, शाळेच्या गणवेशात, आबांबरोबर एका मोफत दवाखान्याच्या रांगेत. सहापासून उभे होते. आबांच्या जांघेत गोळा यायचा, गोणी उचलली की डोळ्यांत पाणी यायचं. साडेदहाला नंबर लागला. टेबलामागच्या डॉक्टरनं मान वर केली नाही. “पोट दुखतं? गॅस आहे,” म्हणून चिठ्ठी लिहिली आणि पुढच्याचं नाव पुकारलं. बाहेर आल्यावर ती चिडून म्हणाली होती, “आबा, गोळा दाखवला का नाही तुम्ही?” आबा चिठ्ठीची बारीक घडी घालत म्हणाले, “फुकाट बघत्यात, पोरी. वर आनि आपन काय बोलायचं?” सहा महिन्यांनी आतडं अडकलं आणि आबा मरता मरता वाचले. ही गोष्ट सुनयनानं आयुष्यभर एकाच बाजूनं लक्षात ठेवली होती. तो डॉक्टर निर्दय होता, म्हणून आपण डॉक्टर व्हायचं. आज लुनाचं हँडल धरलेलं असताना तिला पहिल्यांदाच तो माणूस नीट दिसला. त्याच्या टेबलापुढं दीडशे माणसं होती. आणि तिला तिची स्वतःची मान दिसली, संध्याकाळी सातची, चिठ्ठीवर झुकलेली. तिनं लुना रस्त्याच्या कडेला घेतली. आबा दोन गोष्टी बोलले होते, आणि तिनं एकच ऐकली होती; फुकटात बघणाऱ्यापुढं माणूस गप्प बसतो, ही दुसरी राहूनच गेली होती. दवाखान्यात पोचल्या पोचल्या तिनं कपाटातला पुठ्ठा काढून त्यावर मार्करनं लिहिलं: एक ऑगस्टपासून तपासणी फी रुपये वीस.

“ईस?” रखमानं पुठ्ठा उलटा-सुलटा करून बघितला. रखमा करावेचीच, विधवा, नऊशे रुपयांवर केसपेपर काढणं, गोळ्या बांधणं, लादी पुसणं सगळं करायची. “म्याडम, मानसं पलतील. नाक्यावरचा नवा डाक्टर दहातच सुई मारतोय.”

“पळू देत. टांग तू.”

तिनं हे ठसक्यात म्हटलं खरं, पण एक तारखेला पहिल्या बाईनं “किती?” विचारल्यावर तिच्या तोंडून वीस हा शब्द इतका हळू निघाला, की तिला तो दोनदा म्हणावा लागला. बाई म्हणाली, “काय बाय, सोन्याची सुई लावतेस काय?” आणि दहा ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेवीस पेशंट आले. मग एकोणीस. एका गुरुवारी सोळा. रखमा एकच बाटली तीनदा पुसायची. रिकाम्या बाकाकडं बघणं सुनयनाला सहन होत नव्हतं. चार वर्षांत आपण गर्दीलाच आपली लायकी समजत आलो हे तिला त्या बाकानं सांगितलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. नाक्यावरच्या दवाखान्याबाहेरच्या चपला लुनावरून जाताना मोजल्या जायच्या, नको म्हटलं तरी. दुसऱ्या आठवड्यात तिनं जासईचा अर्ज लिहिला, सही केली आणि पर्समध्ये ठेवला. पण त्याच दिवसांत दुसरंही काही तरी घडत होतं, तिच्या नकळत. जो आत येई त्याला ती बसायला सांगायची. एक प्रश्न विचारून झाला की दुसरा सुचायचा. रोज ताप म्हणणारा ट्रेलरचा क्लीनर खरं तर रात्रीचा झोपतच नव्हता. डोकं दुखतं म्हणणाऱ्या बाईला चष्मा हवा होता. लाल इंजेक्शनची बाटली संपली आणि पुढची मागवायची तिला आठवणच झाली नाही. लोक संशयानं बघायचे, एवढं काय विचारते म्हणून, पण बोलायचे. बोलायला लागले की थांबायचे नाहीत.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गोजराबाई सुनेला घेऊन आल्या. गोजराबाई म्हणजे नामदेवशेठची बायको. घरमालकाचं घर म्हणून सुनयनानं त्यांच्याकडून कधी पैसे घेतले नव्हते. आल्या आल्या त्यांनी विसाची नोट टेबलावर आपटली. “हे घे. गावभर बोलतात, डाक्टरीन ईस घेते. मंग आमीच कशाला फुकट?” मागं सोनल उभी होती, बावीस वर्षांची, चौथा महिना. पायरी चढून आल्यावर तिनं दाराची चौकट धरली होती. “काय करवत नाय हिला,” गोजराबाई म्हणाल्या. “हंडा उचलला का धापा टाकते. पयल्या पोरात मीपन व्हते, शेतावर जायची. हिला ती ताकदीची सुई दे.” रखमानं जुना केसपेपर पुढं सरकवला. त्यावर सुनयनाचंच अक्षर होतं, चार वेळा, चार तारखांना, एकसारखं: अशक्तपणा, बी कॉम्प्लेक्स.

“बस, सोनल. झोपताना उशा किती घेतेस?”

सोनलनं सासूकडं बघितलं. “तीन. एकीवर गुदमरतं.”

“लहानपणी कधी सांधे सुजले होते?”

“धा वरसांची व्हते तवा. आदी गुडघे, मंग घोटे. ताप. शाला त्यातच सुटली.” ती थांबली. “तुमाला कसं कललं?”

सुनयनानं पेन खाली ठेवलं. तिनं रखमाला दार लावून घ्यायला सांगितलं, पंखा बंद करायला सांगितला. सोनलला टेबलावर डाव्या कुशीवर वळवलं. स्टेथॉस्कोपची लहान बाजू तिच्या छातीवर, अगदी हलक्या हातानं, कातडीला नुसती लागेल अशी ठेवली, आणि डोळे मिटले. आधी काहीच नाही. रस्त्यावरची रिक्षा. स्वतःच्याच कानातली धडधड. कॉलेजात त्यांचे सर म्हणायचे, हा आवाज तुमच्याकडं येत नाही, तुम्हाला त्याच्याकडं जावं लागतं. ती गेली. रिक्षा मागं पडली, खोली मागं पडली. पहिला ठोका आला, कुणी हाताच्या पंजानं दार थापटावं तसा. मग दुसरा. आणि दुसऱ्या ठोक्यानंतर, पुढचा पहिला येण्याआधीच्या पोकळीत, जिथं शांतता असायला हवी होती तिथं, खूप खाली, एखादी होडी मशीन मंद करून खाडीत उभी असावी तशी घरघर. ती थांबली. पुन्हा आली. पुन्हा. हृदयाची एक झडप अरुंद झाली होती, दहाव्या वर्षीच्या त्या तापानं, आणि पोटातलं मूल जसं वाढेल तसं रक्त तिथं तुंबत जाणार होतं. लाज आणि आनंद एकदमच तिच्या छातीत वर चढले. तिला ते वेगळे करता येईनात. चार वेळा हे हृदय तिच्या टेबलापर्यंत आलं होतं. पण आज ते तिला सापडलं होतं. मशीन नाही, फोटो नाही, एकशे चाळीस फुटांच्या खोलीत, दोन कान आणि पंखा बंद.

तिनं सांगितलं तेव्हा गोजराबाईंचा चेहरा बंद झाला. “हृदय? बावीस वरसांच्या पोरीला?” त्या उठल्या. “फी वाडवलीस, आता रोगपन वाडवतेस काय? हॉस्पिटलात पाठवलं का तुला काय सुटतं, आमाला म्हाईत नाय असं वाटतं?”

सुनयनाला राग आला नाही. हाच प्रश्न महिनाभर ती स्वतःला विचारत होती. ती उठली, गोजराबाईंचा हात धरला. कोयता-विळीनं राठ झालेला जाड हात होता तो. तो तिनं अजून कुशीवरच असलेल्या सोनलच्या छातीवर ठेवला. “दाबू नका. नुसता ठेवा. आणि बोलू नका.”

गोजराबाई उभ्या राहिल्या, ओठ घट्ट मिटून. मग त्यांच्या भुवया हळूहळू वर गेल्या. हात त्यांनी काढला नाही.

“गुरगुरतंय,” त्या कुजबुजल्या. “मांजराच्या अंगावर हात ठेवल्यासारं.”

“हो.”

“हे कवापासून हाय?”

“बऱ्याच वर्षांपासून. मी मागं चार वेळा तपासलं तेव्हाही होतं. मला ऐकू आलं नव्हतं.” हे बोलताना तिचा आवाज हलला नाही, याचं तिलाच नवल वाटलं.

“मंग आज कसं आलं?”

“आज ऐकत बसले.”

गोजराबाईंनी तिच्याकडं बघितलं. मग सुनेचा पदर सारखा केला. “कुठं न्यायचं ते लिवून दे,” त्या म्हणाल्या.

सुनयनानं दोन पानी पत्र लिहिलं, ओळखीच्या एका डॉक्टरला फोन लावला, आणि दुसऱ्याच दिवशी सोनल मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात दाखल झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मांडीतल्या शिरेतून फुगा नेऊन तिची झडप उघडली. छाती फाडावी लागली नाही, मूल सुखरूप राहिलं. तिच्याबरोबर तिथल्या डॉक्टरांचं पत्र आलं. निदान अचूक, वेळेत पाठवलंत, आणखी महिनाभर उशीर झाला असता तर कठीण होतं. एवढंच. सुनयनानं ते तीनदा वाचलं, मग रखमाला मोठ्यानं वाचून दाखवलं, मग तिला एकटीला पुन्हा एकदा वाचायचं होतं म्हणून रखमाला चहा आणायला पाठवलं. कॉलेजात सुवर्णपदक मिळालेल्या मुलामुलींच्या चेहऱ्यावर तिनं जे बघितलं होतं, ते आत्ता आपल्या चेहऱ्यावर असणार असं तिला वाटलं, आणि ते बघायला खोलीत कुणी नव्हतं, तरी चाललं. गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. झुंबड उडाली नाही, पण वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारी माणसं यायला लागली, बाकावर निवांत बसायला लागली. सर्दीवाले नाक्यावरच गेले. त्यांचं तिला काही वाटलं नाही.

महिनाअखेरीस हिशेब उदयसिंहांनी आपणहून मागून घेतला. दिवसाला सरासरी अठ्ठावीस पेशंट. त्यांनी तीन हजार भाडं धरून बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. “पेशंट चाळीसचे अठ्ठावीस झाले,” ते म्हणाले, “आणि हातात पाच हजार चारशे पडतात? नवं भाडं देऊन?”

“गोळ्या कमी जातात. सुया कमी जातात. आणि अहो, मी दमत नाही.”

“जासईवाले परवा विचारत होते.”

“त्यांना दुसरं कुणी तरी सांगा.”

कागदाची घडी करून त्यांनी ती स्वतःच्या खिशात ठेवली. नंतर तिला कळलं की तो कागद त्यांनी बँकेत चार जणांना दाखवला होता.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी नामदेवशेठ आले, नवा सदरा घालून. उभेच राहिले. “म्याडम, त्या एस्टेटवाल्याला मी परत पाठवला. भाडं जुनंच ऱ्हाऊ दे. जुनंपन देऊ नका, वरसभर. आमच्या घरचा दिवा तुमी राखला. उपकाराची जान हाय आमाला.”

दीड हजार रुपये महिना. अठरा हजार वर्षाला. ते आकडे तिच्या डोक्यात आपोआप उमटले, इतके सहज, की तिला हसू आलं. “बसा, शेठ,” ती म्हणाली. “उपकार नाही. सोनलच्या तपासणीचे पैसे गोजराबाईंनी दिले तेव्हाच ते मिटलं. भाडं तुम्ही तीन हजार सांगितलंत, तीनच घ्या. दर एक तारखेला, पावती द्यायची. पाच वर्षांचं ॲग्रीमेंट करू.” ती क्षणभर थांबली. पुढचं बोलायला तिला अजिबात जड गेलं नाही. “आणि तीन हजारांच्या खोलीला मागं खिडकी पाहिजे. माझे पेशंट उकडून मरतात. तो कोपरा पावसाळाभर गळतो, तो नीट करून द्या. मोरीत नळ बसवा. रखमा चार वर्षं बादलीनं पाणी आणते. आणि ती पुढची पायरी फोडून दोन करा. म्हाताऱ्यांना चढवत नाही.”

नामदेवशेठ तिच्याकडं बघत राहिले. “चार वरसं कदी बोलला नाय तुमी.”

“चार वर्षं दीड हजारात होते.”

ते आधी गालातल्या गालात आणि मग पोट धरून हसले. जाताना दारातून वळून म्हणाले, “गोजरा बोललीच व्हती, ही घेनार नाय. पयजेत दहा रुपये गेलं माझं.”

पुढच्या सोमवारी गवंडी आला. सुनयनानं दवाखाना बंद ठेवला नाही. टेबल पुढच्या भिंतीकडं सरकवलं, औषधांवर चादर टाकली आणि पेशंट बघायला लागली. मागच्या भिंतीवर छिन्नी-हातोड्याचे घाव पडत होते. सिमेंटचा धुरळा केसांत, केसपेपरवर, रखमाच्या शिव्यांवर बसत होता. नामदेवशेठ स्वतः बाहेर उभे राहून खिडकी कुठवर उघडायची ते सांगत होते, रस्त्यावरची माणसं थांबून सल्ले देत होती. टेबलावर सात वर्षांची एक मुलगी बसली होती, महिनाभराचा खोकला, आईचा जीव अर्धा झालेला. सुनयनानं तिच्या पाठीवर स्टेथॉस्कोप ठेवला आणि कानात नुसता हातोडा आला.

तिनं हात वर केला. “थांबा!”

एवढा मोठा आवाज आपल्याला आहे हे तिला माहीत नव्हतं. हातोडा थांबला. बाहेर नामदेवशेठ कुणावर तरी खेकसले, “ए, गप रे! डाक्टर ऐकतात.” सल्ले देणारे गप्प झाले. पलीकडच्या घरात रेडिओ चालू होता, तो कुणी तरी बंद केला. गवंड्याचा हात हवेत तसाच राहिला.

“श्वास घे, बाळा. तोंडानं. आता सोड. आणखी एकदा.”

उजवीकडं, डावीकडं, वर, खाली, प्रत्येक जागी तिनं दोन-दोन श्वास थांबून ऐकलं. हवा आत जात होती आणि बाहेर येत होती, कुठंही न अडकता, स्वच्छ, लांबलचक. मुलीची आई तिच्या तोंडाकडं बघत होती. सुनयनानं मान हलवून तिला सांगितलं, काही नाही, घाबरू नका, फुफ्फुसं छान आहेत. तरी ती आणखी दोन श्वास ऐकत राहिली. सगळी गल्ली तिच्यासाठी थांबली होती, आणि घाई कुणालाच नव्हती, तिला तर नव्हतीच. मग तिनं हात खाली केला, आणि भिंत पुन्हा फुटायला लागली.